असर ते मगरिब, कढईपाशी

असरची नमाज झाली की मोहल्ल्यात एक वास पसरू लागतो. बेसनाचा आणि तापलेल्या तेलाचा. रमजानचा वास कोणता, असे कुणी विचारले तर दहातले नऊ जण अत्तराचे नाव घेतील. खरे उत्तर भज्यांचा घाणा हेच आहे. असर ते मगरिब हा तास-दीड तास रोजाच्या दिवसातला सगळ्यात मोलाचा. इफ्तारच्या वेळी रोजदाराने मागितलेली दुआ परत फिरवली जात नाही, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पुरुष त्या वेळी मशिदीत तिलावत करत असतात, काही जण बाजारात खजुरांचे भाव पाहत हिंडतात, काही जण सरळ झोपतात. घरातली बाई मात्र कढईपाशी उभी असते. तिचाही रोजा असतो. तिच्याही घशाला कोरड पडलेली असते. तिचे हात बेसनात, डोळे घड्याळावर, आणि दुआ मनातल्या मनात, दोन घाण्यांच्या मधे.

म्हणून माझे म्हणणे सरळ आहे. इफ्तारच्या दस्तरखानावरचा जो भाग विस्तव न लावता तयार होतो, तोच खरा इफ्तार. खजूर, पाणी, कलिंगड, काकडी, मोडाचे मूग, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, लिंबाचे सरबत. बाकीचे सगळे नंतर येऊन बसलेले पाहुणे आहेत. पाहुण्यांना हाकलून द्या असे मी म्हणत नाही. पण घरमालकाला कोपऱ्यात ढकलून पाहुण्याने बैठक अडवावी, हे बरे नाही.

हल्ली शहरात ‘रॉ व्हीगन’ असा एक शब्द फिरतो. दूध, दही, अंडी, मध, मांस यांतले काहीच घ्यायचे नाही आणि जे घ्यायचे ते साधारण 40 ते 48 अंशांच्या वर तापवायचे नाही, असा त्याचा नियम. ‘व्हीगन’ हा शब्द 1944 साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी घडवला. आमच्या सोलापुरात मे महिन्यात पारा 43-44 वर जातो. म्हणजे गच्चीवर वाळत घातलेली मिरचीसुद्धा त्यांच्या नियमाच्या काठावर येऊन बसते! शिवाय शेंगाचटणी शेंगदाणे भाजल्याशिवाय होत नाही, तेव्हा सोलापूरकराने शंभर टक्के कच्चे होणे अवघडच. आमच्या स्टाफरूममध्ये हा विषय निघाला तेव्हा एका सहकाऱ्याने विचारले, ‘‘मॅडम, तुमच्याकडे हे चालतं?’’ प्रश्नामागे हेतू वाईट नव्हता. मुसलमान म्हणजे बिर्याणी, हे समीकरण फार घट्ट बसले आहे. ते बसवण्यात आपलाही हात आहे. रमजानच्या बाजाराच्या बातमीसोबत फोटो छापायचा तर तो सळईवरच्या कबाबाचाच असतो, आणि आपणही तोच एकमेकांना पाठवतो.

दोन भाषांत शिकवणाऱ्या माणसाला शब्दांचा नाद सुटत नाही, म्हणून थोडे विषयांतर. ‘कच्चा’ हा शब्द आपल्याला आवडत नाही. कच्चा माणूस, कच्चा हिशेब, कच्चे काम, कानाचा कच्चा. उर्दूतही तसेच, ‘खाम’ म्हणजे कच्चे, आणि ‘खामखयाली’ म्हणजे खुळी समजूत. याउलट फारसीतला ‘पुख्ता’ म्हणजे शिजलेला, पिकलेला. तोच मराठीत येऊन ‘पोक्त’ झाला. पोक्त माणूस म्हणजे खरे तर शिजलेला माणूस. दोन्ही भाषांनी शहाणपण चुलीवर ठेवले आहे. त्यामुळे कच्चे खाणे म्हणजे गरिबाचे, आजाऱ्याचे किंवा बकरीचे खाणे, ही समजूत मनात खोल आहे. पाहुण्यासमोर काकडी ठेवली तर घरात काहीच केले नाही असे होते. भजी तळली की ‘केले’ असे होते.

आता आपल्या परंपरेकडे पाहू. हजरत अनस यांच्या रिवायतीत येते की पैगंबर (स.) मगरिबच्या नमाजेआधी ताज्या, ओल्या खजुरांनी रोजा सोडत. त्या नसल्या तर वाळलेल्या खजुरांनी, त्याही नसल्या तर पाण्याच्या काही घोटांनी. काकडी आणि ओली खजूर एकत्र खाताना त्यांना पाहिल्याचे अब्दुल्लाह बिन जाफर सांगतात. कलिंगड आणि खजूर एकत्र खाल्ल्याची रिवायत हजरत आयेशा यांची आहे, आणि तिच्यात कारणही आहे: एकाची उष्णता दुसऱ्याच्या थंडाव्याने जाते. युनानी हकीम ज्याला गरम आणि सर्द तासीर म्हणतात, आणि आपली आजी ज्याला नुसते ‘उष्ण पडतं’ म्हणते, तोच हिशेब.

आणि एक रिवायत अशी की ती वाचताना मी दरवेळी थांबते. हजरत आयेशा आपल्या भाच्याला, उर्वाला सांगतात की आम्ही एकापाठोपाठ तीन चंद्र पाहायचो, म्हणजे दोन महिने उलटायचे, आणि पैगंबरांच्या घरांत चूल पेटलेली नसायची. भाचा विचारतो, मग तुम्ही जगत कशावर होतात? खजूर आणि पाणी, त्या म्हणतात. शेजारचे अन्सार अधूनमधून दूध पाठवत.

ही रिवायत कच्च्या आहाराची जाहिरात नाही. ती गरिबीची गोष्ट आहे. तिथे दूधही आहे, म्हणजे आजच्या अर्थाने ते घर व्हीगन नव्हतेच. मांस मिळाले तेव्हा तेही खाल्ले गेले. जुन्या घराला नव्या शब्दांचे बिल्ले लावू नयेत. पण एवढे तरी त्यातून दिसते की चूल न पेटणे ही त्या घरात लाजेची गोष्ट नव्हती. आपल्या घरात ती झाली आहे. शेजारच्या घरून सहा वाट्यांची तबकडी आली की आपल्या घरातूनही सहा वाट्यांची गेली पाहिजे, आणि त्यातली निदान चार तळलेली पाहिजेत.

कच्चे करायचे तर कसे? इथे थोडे सविस्तर लिहिते, कारण रमजानचे वेळापत्रक या स्वयंपाकाला इतके जुळते की जणू त्यासाठीच बेतले आहे. तरावीहनंतर झोपण्याआधी मूग धुऊन भिजत घाला. सहरीला उठाल तेव्हा ते फुगलेले असतील. पाणी काढून टाका, पुन्हा स्वच्छ पाण्याने धुवा, ओलसर फडक्यात सैलसर बांधून झाकून ठेवा. सहरी ते इफ्तार असे तेरा तास जातात, आणि मुगाला मोड यायला तेवढे पुरतात. आपण उपाशी असतो तेव्हा मूग आपले काम करत असतात. दुपारी फडके वाळले तर एकदा पाण्याचा हबका मारायचा, एवढीच मेहनत. मटकीचेही असेच. इफ्तारच्या आधी त्यात बारीक चिरलेली काकडी, ओले खोबरे, कोथिंबीर, लिंबू, मीठ, आवडत असेल तर डाळिंबाचे दाणे. मोड आले की धान्यातले क जीवनसत्त्व वाढते, आणि विस्तव लागला नाही तर ते शाबूत राहते.

हरभऱ्याची डाळ जोहरच्या नमाजेनंतर भिजवली तरी चालते. चार तासांत ती दाताखाली तुटते. जाडसर वाटायची, त्यात किसलेली कैरी, हिरवी मिरची, जिरे, मीठ. बाजारात कैरी आली नसेल तर लिंबू. वाचक ओळखतील: ही तर चैत्रातली आंब्याची डाळ, फक्त फोडणी वजा! 2023 साली रमजान चैत्राच्या सोबतीने चालला होता. ईद आणि अक्षय तृतीया एकाच दिवशी, 22 एप्रिलला आल्या. त्या महिन्यात शेजारच्या काकूंकडच्या हळदीकुंकवाची डाळ आमच्या इफ्तारला आली, आणि आमच्याकडची त्यांच्याकडे गेली. दोन्हींत फरक हिंगाच्या फोडणीचा. चांद्र वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे रमजान दरवर्षी मागे सरकतो. तो फेब्रुवारीच्या अखेरीकडे येतो तेव्हा कैरी नसते, पण द्राक्षे असतात आणि नशिबाने उशिराच्या हरभऱ्याचा डहाळाही मिळतो. ओला हरभरा सोलून तसाच ताटात टाका. मुले सोलत बसतात आणि मगरिबची वाट पाहण्याची त्यांची कटकट थांबते, हा वरचा फायदा.

पेय म्हणून नबीज करून पाहा. सहरीच्या वेळी मूठभर खजूर किंवा बेदाणे पाण्यात टाकून मातीच्या भांड्यात झाकून ठेवायचे, आणि संध्याकाळी ते पाणी प्यायचे. सकाळी भिजवलेले रात्री आणि रात्री भिजवलेले सकाळी, अशी या पेयाची जुनी पद्धत हदीसमध्ये आलेली आहे. त्यातच शहाणपण आहे. फार वेळ ठेवले तर ते आंबते, आंबले की नशा येते, आणि मग ते हलाल राहत नाही. बाटलीबंद गडद रंगाच्या सरबतात जेवढी साखर असते तिच्यापुढे हे पाणी फिकेच लागेल. तीन-चार दिवसांत जिभेला सवय होते. बेदाणे मात्र दोनदा नीट धुऊन घ्या. आपल्या सांगली-पंढरपूर भागात द्राक्षे लवकर वाळावीत म्हणून ती पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून मग जाळीवर टाकतात. त्यात गैर काही नाही, पण भिजवलेले पाणीच प्यायचे असेल तर धुणे बरे.

दूध नको असेल त्यांच्यासाठी नारळ आहेच. खवलेले ओले खोबरे साध्या पाण्यात वाटून फडक्यातून पिळायचे, त्यात भिजवलेल्या खजुरांचा लगदा आणि सब्जा. सब्जा दहा-पंधरा मिनिटांत फुलतो. कोकणातल्या माझ्या एका मैत्रिणीच्या घरी याच दुधात कोकमाचा आगळ आणि मीठ घालतात. सोलकढी म्हणजे आगळ्यावेगळ्या नावाशिवाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले ‘रॉ व्हीगन’ पेय, आणि कोकणी मुसलमानाला ते कुणी समजावून सांगायची गरज नाही.

कांद्याचे काय? कचुंबर म्हटले की कांदा आला. पण कच्चा कांदा-लसूण खाऊन मशिदीत येऊ नये, असे स्पष्ट सांगितलेले आहे. हजरत उमर यांचा सल्ला तर असा की खायचाच असेल तर शिजवून त्याचा वास मारा. तरावीहच्या रांगेत शेजारी उभे राहणाऱ्यांची दुआ हवी असेल तर कचुंबरात काकडी, गाजर, बीट घाला. कच्च्या खाण्याचे कौतुक करणाऱ्या लेखात शिजवण्याची शिफारस करावी लागली ती एवढीच.

एवढीच नाही खरे तर, आणखीही आहे. कच्चे म्हणजे आपोआप चांगले, असे सांगणारे लोक मला पटत नाहीत. टोमॅटोतले लायकोपिन शिजवल्यावर अंगी जास्त लागते. गाजराचे पोषण थोड्या तेलासोबत चांगले मिळते. राजमा कच्चा किंवा अर्धकच्चा खाल्ला तर उलट्या होतात. त्यात तसे विषारी द्रव्यच असते आणि ते नीट उकळल्यावरच जाते. ब-12 जीवनसत्त्व वनस्पतींत मिळत नाही, तेव्हा बारा महिने व्हीगन राहायचे असेल तर डॉक्टरांना विचारून ते वेगळे घ्यावे लागते. आणि मोड! ओलसर, उबदार फडक्यात मूग जसे वाढतात तसे जंतूही वाढतात. 2011 साली जर्मनीत मेथीच्या मोडांवरून पसरलेल्या ई-कोलायच्या साथीत 50 हून अधिक माणसे दगावली. म्हणून फडके रोज उकळून घ्या, मोड त्याच दिवशी संपवा, चिकट लागले किंवा वास आला तर फेकून द्या. गरोदर बाई, लहान मूल, म्हातारी माणसे, नुकतेच आजारातून उठलेले यांना मोड वाफवूनच द्या. दोन मिनिटांच्या वाफेने कुणाचे तत्त्व बुडत नाही. मधुमेह असणाऱ्यांनी खजूर मोजून खावी.

फळांचेही तसेच. कलिंगड कापण्याआधी वरून धुवा, नाहीतर सालीवरची माती सुरीबरोबर आत जाते. आंबा पिकवायला कॅल्शियम कार्बाइड वापरण्यावर बंदी आहे, तरी हंगामाच्या आधी पिवळाधमक झालेला आंबा पाहून भुलू नये. गाडीवर कापून ठेवलेली पपई-अननसाची ताटली कुणी, कधी आणि कोणत्या पाण्याने धुतली, तिच्याखालचा बर्फ कशाचा, हे विचारणारा इफ्तारच्या घाईत कोणी नसतो. तेवढ्यासाठीच हे सगळे घरी व्हायला हवे.

आणि ‘घरी’ म्हटले की मूळ मुद्द्यावर यावे लागते. घरी म्हणजे कोणी? कच्च्या खाण्यात विस्तव नाही, पण कष्ट नाहीत असे कुणी समजू नये. डाळिंब सोलून पाहा. सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळाले याचा मला अभिमान आहे, पण आठ माणसांसाठी पाच डाळिंबे सोलणारीच्या बोटांना त्या मानांकनाचा काही उपयोग नाही. भजी बंद करून तिच्याकडून चार प्रकारची फळे, तीन प्रकारचे मोड आणि दोन सरबते मागितली, तर आपण फक्त कढईच्या जागी पाट-सुरी ठेवली. तिचा तास तिला मिळाला नाहीच.

पण इथेच कच्च्या ताटाची एक खुबी आहे, आणि मला ते आवडण्याचे खरे कारण हेच. ‘मला स्वयंपाक येत नाही’ ही पुरुषांची सबब इथे चालत नाही. काकडी चिरायला हाताला चव लागत नाही. मीठ अंदाजाने पडते की मोजून, हा प्रश्न कलिंगडाला नसतो. आमच्या घरी माझे मियाँ चहाच्या पलीकडे कधी गेले नाहीत, पण गेली काही वर्षे फळांचे खाते त्यांचे आणि आमच्या मुलाचे. असर पढून आले की वर्तमानपत्र अंथरून दोघे बसतात. सासूअम्मी पहिल्या वर्षी म्हणाल्या, ‘‘मर्दां क्या काटतें, छिलके में आधा फल जाता.’’ खरे होते. अजूनही जाते. पण आता त्या स्वतः त्या वेळी तसबीह घेऊन खिडकीशी बसतात. पैगंबर घरात काय करत, असे हजरत आयेशांना विचारले गेले तेव्हा त्यांनी सांगितले की घरच्यांच्या कामात असत आणि नमाजेची वेळ झाली की निघत. ही हदीस आपल्याकडे मिंबरवरून किती वेळा सांगितली जाते?

आणखी एक गोष्ट बोलायला नाजूक आहे, पण बोलायला हवी. माझ्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीने गेल्या वर्षी मांस सोडले. तिला जनावरे कापलेली पाहवत नाहीत, एवढेच तिचे कारण. घरात गहजब झाला. एक काका म्हणाले, तू ‘त्यांच्यात’ जाऊन बसलीस. मला दोन्ही बाजू कळतात. 2015 पासून राज्यात गोवंश हत्याबंदी आहे. कुणाच्या डब्यात काय, यावरून माणसे मारली गेली आहेत. घर भाड्याने घेताना ‘नॉनव्हेज चालणार नाही’ ही पाटी आम्ही वाचली आहे. अशा काळात ताटातला मांसाचा तुकडा निव्वळ अन्न राहत नाही, तो आपला हक्क होतो. त्या काकांचा राग तिथून येतो. पण हक्क म्हणजे सक्ती नव्हे. हलाल म्हणजे खाण्याची परवानगी, हुकूम नव्हे. ज्या दस्तरखानावर पहिला घास खजुराचा आणि पाण्याचा असतो, तिथे त्या मुलीला जागा नसेल तर कुठे असेल? आणि उलट बाजूनेही: मुसलमानांच्या इफ्तारमध्येही शाकाहार आहे, हे पाहून कुणी लगेच पाठ थोपटायला येऊ नये. आमच्या ताटातली काकडी कुणाच्या प्रमाणपत्रासाठी नाही. ईदला शीरखुर्मा होणार आहे, दुधाचाच, आणि हलीमची देग चढवणाऱ्याशी माझे काही भांडण नाही. दखनीत आम्ही मराठीचाच ‘नको’ वापरतो, आणि तो शब्द मला प्रिय आहे तो यासाठी की त्यात भांडण नसते. ‘मुझे नको’ एवढे म्हणता आले पाहिजे, दोन्ही बाजूंना.

शेवटी पैशाचे. फळे महाग होतात, हे खरे. रमजान लागला की केळ्यांचा भाव चढतो, सफरचंदाचे तर विचारूच नका. कच्चे ताट हे श्रीमंतांचे लाड आहेत, असे कुणी म्हणाले तर आयात किवी आणि बदामाच्या दुधापुरते ते बरोबर आहे. मूठभर मुगाचे मोड मात्र वाटीभर होतात, आणि तळणीचे तेल स्वस्त कधी होते? आपल्या मोहल्ल्यांतून दरवर्षी जकात-सदक्याच्या पैशांतून गरजू घरांना रेशनचे किट जाते. त्यात आटा, तांदूळ, साखर, तेल, बेसन, शेवया, सरबताची बाटली आणि खजुराचे छोटे पाकीट असते. बेसन आणि तेल दिले म्हणजे त्या घरच्या बाईला आपण कढईपाशी उभे केलेच. ती बहुधा दिवसभर विड्या वळून किंवा चार घरची भांडी घासून आलेली असते. किट बांधणाऱ्या तरुणांना माझी विनंती आहे: बेसन निम्मे करा, सरबताची बाटली वगळली तरी चालेल, आणि त्या पैशांत दोन किलो अख्खे मूग, किलोभर हरभऱ्याची डाळ, एक नारळ आणि खजुराचे मोठे पाकीट घाला. लिंबे टिकत नाहीत, ती दर जुम्म्याला वेगळी वाटता येतील. शाबानमध्येच घाऊक बाजारात गेलात तर मूग जरा कमी भावात मिळतील.